मुदत धन्याला, तगादा कामगाराला



मार्च २०२० पासून पुढची दोन वर्षे या देशात परिपत्रकांचा पाऊस पडला. रिझर्व्ह बँक, अर्थखाते, कंपनी खाते, गृहखाते, राज्य सरकारे, जो तो रोज नवे फर्मान काढत होता. कोणी हप्ते पुढे ढकलले, कोणी खटले थांबवले, कोणी हमी दिली, कोणी कामाचे तास वाढवले. त्या सगळ्याला नाव एकच होते, "दिलासा". हा दिलासा कोणाला मिळाला, किती मिळाला आणि त्याचा खर्च कोणाच्या पगारातून वळता झाला, हा हिशेब अजून कोणी आपल्यापुढे मांडलेला नाही. जुने उकरून काढू नका, असे सांगणारे शहाणे आपल्या आसपास पुष्कळ आहेत. पण जो हिशेब मिटलाच नाही तो जुना होत नाही. म्हणून हा लेख.

खरा सावकार कोण?

एक साधी गोष्ट आधी नीट समजून घेऊ. सावकार म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे बँक येते, पतपेढी येते, पेढीवरचा शेटजी येतो. पण कामगार हाही सावकारच आहे. तो महिनाभर आधी राबतो आणि मग महिनाअखेरीस त्याला पगार मिळतो. म्हणजे तीस दिवसांचे श्रम तो धन्याला उधार देतो. या उधारीला व्याज नाही, तारण नाही, जामीन नाही. बोनस, रजेचा पगार, ग्रॅच्युइटी यांची उधारी तर वर्षानुवर्षे चालते. देशातली ही सर्वांत मोठी बिनतारण उधारी आहे आणि ती देणारा देशातला सर्वांत गरीब सावकार आहे.

आता महामारीत काय झाले ते पाहा. बँकेचे देणे थकले तर बँकेचे काय होईल, याची चिंता रिझर्व्ह बँकेने केली. कारखानदाराचे देणे थकले तर कारखानदाराचे काय होईल, याची चिंता अर्थखात्याने केली. कामगाराचे येणे थकले तर त्याचे काय होईल, याची चिंता कोणी केली? आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ च्या कलम १३ मध्ये मोठ्या आपत्तीत कर्जफेडीची सवलत देण्याची आणि सवलतीने नवे कर्ज देण्याची शिफारस करता येते, असे तेव्हा स्पष्ट लिहिलेले होते. थकलेल्या मजुरीसाठी असे कलम त्या कायद्यात नव्हते. १८९७ सालचा साथरोग कायदा पुण्या-मुंबईच्या प्लेगच्या वेळी इंग्रजाने केला. चार कलमांचा तो कायदा १२३ वर्षांनी पुन्हा बाहेर काढला गेला. त्यातही मजुरीबद्दल अक्षर नाही. इंग्रजाकडून ती अपेक्षाही नव्हती. पण २०२० मध्ये नवी परिपत्रके लिहिणारे तर आपलेच होते ना?

बँकांना काय मिळाले?

२७ मार्च २०२० रोजी रिझर्व्ह बँकेने रेपो दर पाऊण टक्क्याने खाली आणून ४.४० टक्के केला आणि २२ मे रोजी तो ४ टक्क्यांवर आणला. बँकांनी रिझर्व्ह बँकेकडे ठेवायच्या रोख रकमेचे प्रमाण चारवरून तीन टक्के केले. त्यातून सुमारे १ लाख ३७ हजार कोटी रुपये बँकांच्या हाती मोकळे झाले. त्याच दिवशी मुदतीच्या कर्जांचे तीन महिन्यांचे हप्ते पुढे ढकलण्याची मुभा जाहीर झाली. पुढे ती ३१ ऑगस्ट २०२० पर्यंत, म्हणजे एकूण सहा महिने झाली. या काळात हप्ता भरला नाही म्हणून खाते थकीत धरायचे नाही, असे ठरले. म्हणजे बँकांच्या ताळेबंदावर डाग पडायचा नाही, याची व्यवस्था झाली.

ही मुभा तुम्हा-आम्हालाही होती, हे मान्य. पण ती कशी होती ते समजून घ्या, कारण आपल्यातल्या कित्येकांनी घरकर्जाचे हप्ते त्या काळात थांबवले होते. हप्ता थांबला तरी व्याज थांबले नव्हते. समजा, एखाद्या टपाल सहायकाचे १० लाखांचे घरकर्ज होते, व्याज ९ टक्के आणि फेडायला १५ वर्षे बाकी होती. महिन्याचा हप्ता सुमारे १०,१४३ रुपये. सहा महिने हप्ता भरला नाही. त्या सहा महिन्यांचे सुमारे ४५,८५० रुपये व्याज मुद्दलात जाऊन बसले. हप्ता तेवढाच ठेवला तर कर्ज फिटायला १८० ऐवजी जवळपास १९९ हप्ते लागतात. सहा हप्ते पुढे ढकलले आणि त्याच्या बदल्यात अठरा-एकोणीस हप्ते जास्त भरायचे. म्हणजे सुमारे १ लाख ८९ हजार रुपये अधिक गेले. सवलत म्हणतात ती हीच.

मग सर्वोच्च न्यायालयात याचिका गेल्या. व्याजावर व्याज घेऊ नका, एवढीच त्यातली एक माफक मागणी होती. सरकारने ऑक्टोबर २०२० मध्ये योजना आणली. २ कोटींपर्यंतच्या कर्जांवर सहा महिन्यांचे चक्रवाढ व्याज आणि सरळ व्याज यांतला फरक परत देऊ, असे सांगितले. वरच्या हिशेबात हा फरक किती येतो? सुमारे ८५० रुपये. वर्तमानपत्रांत मथळे केवढे आणि हातात पडले साडेआठशे! नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. पुढे २३ मार्च २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने व्याजावर व्याज कोणाही कर्जदाराकडून घेता येणार नाही, २ कोटींची मर्यादा लावण्यालाही आधार नाही, असा निकाल दिला. परंतु त्या काळातले मूळ व्याज माफ करायला आणि मुदत वाढवायला न्यायालयाने नकार दिला. आर्थिक धोरण ठरवणे हे सरकारचे काम आहे, असे सांगितले. तेव्हा सगळे शेवटी सरकारच्या धोरणावर येऊन थांबले.

आणखी एक बाब. रिझर्व्ह बँकेचे हे परिपत्रक बँका, सहकारी बँका आणि वित्त कंपन्यांसाठी होते. नोकरदारांच्या पतपेढ्या सहकार कायद्याखाली चालतात, त्यांना ते परिपत्रक लागू नव्हते. म्हणजे ज्याचे कर्ज मोठ्या बँकेत, त्याला निदान निवड तरी होती. ज्याचे कर्ज पतपेढीत, त्याचा हप्ता पगारपत्रकातून वळता होण्याचे थांबवा, असे सांगणारा वरचा कोणीही नव्हता.

मालकांना काय मिळाले?

आता उद्योगांकडे वळू. यादी लांब आहे, ठळक तेवढे सांगतो.

१३ मे २०२० रोजी अर्थमंत्र्यांनी ३ लाख कोटी रुपयांची बिनतारण कर्जाची हमी योजना जाहीर केली. २९ फेब्रुवारी २०२० रोजी जेवढे कर्ज बाकी असेल त्याच्या वीस टक्के नवे कर्ज, त्याला सरकारची शंभर टक्के हमी, आणि पहिले वर्षभर मुद्दल फेडायचे नाही. पुढे ही मर्यादा साडेचार लाख आणि नंतर पाच लाख कोटींपर्यंत गेली. लहान उद्योगांना मदत व्हायला हवीच होती, त्याला आमचा विरोध नाही. आमचा प्रश्न एवढाच आहे की, सरकारी हमीचे पैसे घेताना कामगार कमी करायचे नाहीत, थकलेली मजुरी आधी द्यायची, अशी एक ओळीची अट त्यात का घातली नाही? बँकेचे पैसे बुडू नयेत म्हणून शंभर टक्के हमी, आणि मजुराचे पैसे बुडू नयेत म्हणून काय?

त्याच दिवशी आणखी एक "भेट" जाहीर झाली. मे, जून आणि जुलै २०२० या तीन महिन्यांसाठी भविष्यनिर्वाह निधीची वर्गणी १२ ऐवजी १० टक्के. हाती पगार जास्त पडेल, असे सांगितले गेले. कामगाराच्या हाती पडलेले दोन टक्के त्याचेच होते, त्याच्याच म्हातारपणातून काढून दिलेले. मालकाच्या वाट्याचे दोन टक्के मात्र मालकाकडेच राहिले. केंद्रीय सार्वजनिक उद्योगांना मालकाची वर्गणी १२ टक्के ठेवायला सांगितले होते. खासगी मालकांना ती सूट सरसकट मिळाली. लहान आस्थापनांतल्या कमी पगाराच्या कामगारांची दोन्ही वर्गणी काही महिने सरकारने भरली, हे खरे आहे आणि ते आम्ही मान्य करतो. पण त्या अटीत न बसणाऱ्यांचे काय?

दिवाळखोरीचा दरवाजा कोणासाठी बंद झाला?

हा भाग जरा किचकट आहे, पण वाचा. कारण आपल्या स्टेशनांत, यार्डांत, कार्यालयांत कंत्राटदाराच्या हाताखाली राबणारे हजारो भाऊ-बहिणी याच्यात अडकलेले आहेत.

कंपनीने देणे थकवले तर तिच्याविरुद्ध दिवाळखोरी संहितेखाली अर्ज करता येतो. कामगारांच्या वतीने संघटनेला असा अर्ज करता येईल का, हा वाद कानपूरच्या जे. के. ज्यूट मिलच्या कामगारांनी सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला. ३० एप्रिल २०१९ रोजी न्यायालयाने सांगितले, होय, नोंदणीकृत कामगार संघटना हा अर्ज करू शकते. प्रत्येक कामगाराने वेगळा अर्ज करून खर्चात पडायचे कारण नाही. केवढी मोठी गोष्ट होती ही! तेव्हा अर्जाची मर्यादा १ लाख रुपये थकबाकी एवढी होती. महिना २०,००० पगाराच्या एका माणसाची पाच महिन्यांची मजुरी थकली की मर्यादा भरत होती.

जवळपास अकरा महिन्यांनी, २४ मार्च २०२० रोजी, सरकारने ही मर्यादा १ लाखावरून १ कोटी केली. आता तशा शंभर कामगारांची पाच-पाच महिन्यांची मजुरी थकेल तेव्हा दरवाजा उघडणार. महामारी गेली, टाळेबंदी गेली, पण १ कोटीची मर्यादा तशीच राहिली आहे. लहान उद्योग वाचवण्यासाठी ती वाढवली, असे कारण दिले होते. लहान उद्योगातला कामगारही लहानच असतो, हे कोणाच्या लक्षात आले नाही.

एवढ्यावर थांबले नाही. ५ जून २०२० रोजी अध्यादेश काढून संहितेत कलम १०अ घातले. २५ मार्च २०२० नंतर थकलेल्या देण्यासाठी अर्ज करता येणार नाही, असे ते कलम. सहा महिन्यांची ही बंदी वाढवत वाढवत २४ मार्च २०२१ पर्यंत नेली. आणि त्या वर्षात थकलेल्या देण्यासाठी पुढे कधीच अर्ज करता येणार नाही, असे त्यातच लिहिले. फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्थ आणखी पक्का केला. अध्यादेशाच्या आधी दाखल झालेला अर्जही देणे त्या काळात थकलेले असेल तर चालणार नाही, असा तो निकाल. बँकेला थकबाकी वसूल करायचे दुसरे दहा मार्ग असतात. तारण असते, वसुली न्यायाधिकरण असते. कामगाराकडे काय असते? मस्टरची झेरॉक्स.

आणि अर्ज दाखल झालाच, तरी पुढे काय होते? कंपनीचे काय करायचे हे धनकोंची समिती ठरवते आणि त्या समितीत मत बँका आणि वित्तसंस्थांचे असते. कंपनी मोडीत निघाली तर कामगारांच्या आधीच्या २४ महिन्यांच्या मजुरीला तारणधारक बँकांच्या बरोबरीचा दर्जा आहे, भविष्यनिर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी तर मोडीच्या मालमत्तेबाहेर धरतात. कायद्यात हे चांगले कलम आहे, ते लढून मिळालेले आहे, ते लक्षात ठेवा. पण दरवाजाच बंद असेल तर आतल्या पंगतीत पहिल्या पानाचा मान असून काय उपयोग?

मजुरीचा हुकूम पन्नास दिवस टिकला

कामगाराच्या बाजूचा एक हुकूम निघाला होता, तोही सांगायला हवा. २९ मार्च २०२० रोजी गृहखात्याने आदेश दिला की, टाळेबंदीत कारखाना बंद असला तरी मालकाने कामगारांना ठरलेल्या तारखेला, कपात न करता मजुरी द्यावी. आपल्याला बरे वाटले. लगेच मालकांच्या संघटना न्यायालयात धावल्या. १७ मे रोजी सरकारने तो आदेश स्वतःच मागे घेतला. १२ जून रोजी सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम आदेश दिला. मजुरी न देणाऱ्या मालकांवर सक्तीची कारवाई करू नये, मालक-कामगारांनी त्या पन्नास दिवसांच्या मजुरीबद्दल बोलणी करून तडजोड करावी, असे सांगितले.

बोलणी करावी! कोणाशी? मजूर तोवर रेल्वेरुळावरून चालत गावाकडे निघाला होता. ८ मे २०२० च्या पहाटे जालन्याहून निघालेले मध्य प्रदेशचे १६ मजूर करमाडजवळ रुळावर झोपले असताना मालगाडीखाली सापडले. आपण रेल्वेवाले ती पहाट विसरू शकत नाही. गाड्या बंद आहेत, असा त्यांचा समज होता. मालगाड्या मात्र चालू होत्या, कारण देशाचा धान्यपुरवठा आपण चालू ठेवला होता. त्या मजुरांना बोलणीसाठी टेबलावर कोणी बोलावणार होते?

याच सुमारास राज्याराज्यांत दुसरा उद्योग चालू झाला. गुजरात सरकारने १७ एप्रिल २०२० रोजी अधिसूचना काढून कारखान्यात दिवसाला १२ तास आणि आठवड्याला ७२ तासांपर्यंत काम घ्यायला परवानगी दिली. जादा तासांना दुप्पट नव्हे, साध्याच दराने पैसे. कारखाना कायद्याच्या कलम ५ मध्ये "सार्वजनिक आणीबाणी" असा शब्द आहे, त्याचा आधार घेतला. उत्तर प्रदेशात तर जवळजवळ सगळे कामगार कायदे तीन वर्षे गुंडाळून ठेवण्याचा अध्यादेश मंत्रिमंडळाने मंजूर केला. तिथला १२ तासांचा हुकूम मात्र अलाहाबाद उच्च न्यायालयात प्रकरण जाताच आठवड्याभरात मागे घ्यावा लागला.

गुजरातच्या अधिसूचनेविरुद्ध तिथली एक कामगार संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली आणि १ ऑक्टोबर २०२० रोजी जिंकली. न्यायालयाने स्पष्ट सांगितले की, युद्ध, परकीय आक्रमण किंवा अंतर्गत अशांतता यांनी देशाच्या सुरक्षेला धोका असेल तरच ती आणीबाणी. महामारीने आर्थिक अडचण आली, एवढ्याने कामगाराचे आठ तास आणि दुप्पट ओव्हरटाइम काढून घेता येत नाही. जादा तासांचे पैसे कायद्याप्रमाणे द्या, असा आदेशही दिला. हा निकाल प्रत्येक शाखेने जपून ठेवावा. संघटना होती म्हणून खटला झाला आणि खटला झाला म्हणून निकाल मिळाला.

पण न्यायालयात जे हरले ते संसदेत जिंकले. २२ आणि २३ सप्टेंबर २०२० रोजी, विरोधी बाके रिकामी असताना, तीन श्रमसंहिता मंजूर झाल्या. २०१९ ची वेतनसंहिता धरून चारही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू केल्या आहेत. कामगार काढायला किंवा कारखाना बंद करायला सरकारची परवानगी पूर्वी १०० कामगारांच्या कारखान्याला लागे, आता ३०० च्या पुढेच लागते. महामारीतल्या सवलती तात्पुरत्या होत्या म्हणतात. मालकांना मिळालेल्या कायमच्या झाल्या, एवढाच फरक.

आपल्या खिशाचे काय?

आता आपला स्वतःचा हिशेब. १३ मार्च २०२० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने १ जानेवारी २०२० पासूनचा ४ टक्के महागाई भत्ता मंजूर केला होता. १७ चे २१ टक्के होणार होते. २३ एप्रिल रोजी अर्थखात्याने तो आणि पुढचे दोन, असे तीन हप्ते गोठवले. ३० जून २०२१ पर्यंत भत्ता १७ टक्क्यांवरच राहिला. १ जुलै २०२१ पासून तो २८ टक्के झाला, पण मधल्या १८ महिन्यांची थकबाकी मिळणार नाही, असे त्या आदेशातच लिहिलेले होते.

किती रक्कम? पहिले सहा महिने ४ टक्के कमी, पुढचे सहा महिने ७ टक्के कमी, शेवटचे सहा महिने ११ टक्के कमी. बेरीज केली तर एका महिन्याच्या मूळ पगाराच्या १३२ टक्के. १८,००० मूळ पगाराच्या ट्रॅकवरच्या माणसाचे २३,७६० रुपये. २१,७०० मूळ पगाराच्या पोस्टमनचे २८,६४४ रुपये. ३५,४०० मूळ पगाराच्या कर्मचाऱ्याचे ४६,७२८ रुपये. निवृत्त भाऊबंदांचे वेगळे. यातून ३४,४०२.३२ कोटी रुपये वाचले आणि ते महामारीच्या खर्चासाठी वापरले, असे सरकारने संसदेत सांगितले. थकबाकी देणे शक्य नाही, असेही सांगितले.

म्हणजे केंद्रीय कर्मचारी आणि निवृत्तांनी सरकारला ३४ हजार कोटींवर बिनव्याजी पैसे दिले. कर्ज म्हणून दिले असते तर परत मिळाले असते. देणगी म्हणून दिले असते तर निदान कोणी आभार मानले असते. इथे विचारलेच नाही आणि परत द्यायचेही नाही.

हे पैसे कोणाचे होते? मार्च २०२० च्या शेवटच्या आठवड्यात प्रवासी गाड्या थांबल्या, तरी मालगाड्या एक दिवस थांबल्या नाहीत. १ मे रोजी लिंगमपल्लीहून हटियाला पहिली श्रमिक विशेष गाडी सुटली. ऑगस्टमध्ये देवळालीहून दानापूरला किसान रेल धावली. एप्रिल २०२१ मध्ये कळंबोलीहून विशाखापट्टणमला प्राणवायूचे टँकर आणायला गाडी गेली. ही सगळी कामे लोको पायलट, गार्ड, पॉइंट्समन, स्टेशन मास्तर आणि ट्रॅकवरच्या गँगनी केली. पोस्टमन आणि ग्रामीण डाक सेवक औषधे आणि पेन्शनचे पैसे घरोघर पोचवत होते. टपाल कर्मचारी कामावर असताना दगावला तर १० लाख रुपये, अशी घोषणा एप्रिल २०२० मध्ये झाली. आरोग्य कर्मचाऱ्यांना ५० लाखांचा विमा होता. रेल्वेचे १,९५२ कर्मचारी कोरोनाने गेले, ही रेल्वे बोर्डाच्या अध्यक्षांनी १० मे २०२१ रोजी सांगितलेली संख्या आहे. आणि याच काळात, २ जुलै २०२० रोजी, रेल्वे बोर्डाचे पत्र आले की, सुरक्षेच्या जागा सोडून नव्या जागा गोठवा आणि रिकाम्या जागांपैकी निम्म्या परत करा. त्याच्या आदल्याच दिवशी १०९ मार्गांवर १५१ खासगी गाड्या चालवण्यासाठी प्रस्ताव मागवले होते. माणसे मरत होती आणि वर जागा मोजणे चालू होते.

पैसा नव्हता, हे खरे का?

आपल्याला तीन उत्तरे दिली जातात. पहिले, तिजोरीत पैसा नव्हता. पैसा नव्हता तर हमीला लाखो कोटी कुठून आले? हमी म्हणजे रोख नव्हे, असे म्हणतील. मग आमच्या भत्त्यालाही हमी द्या, रोख नंतर द्या. मुदत मागायला आम्ही नकार दिला नसता. तुम्ही मुदत मागितली नाही, थेट बुडवलेत.

दुसरे, धंदा वाचला तर कामगार वाचेल. ऐकायला गोड आहे. पण अमेरिकेसारख्या भांडवलशाहीच्या माहेरघरानेही मार्च २०२० च्या कायद्यात लहान उद्योगांना दिलेले कर्ज माफ करताना अट घातली की, त्यातला मोठा हिस्सा पगारावर खर्च झाला पाहिजे. इंग्लंडने घरी बसलेल्या कामगाराच्या पगाराचे ८० टक्के, महिना २,५०० पौंडांच्या मर्यादेपर्यंत, सरकारी तिजोरीतून दिले. धंदा आणि कामगार दोघांना एका दोरीने बांधता येते. इथे दोरी तोडून धंद्याला नावेत घेतले.

तिसरे उत्तर असे की, आणीबाणीत पगार उशिरा मिळाला तर तक्रार कसली? याला उत्तर सर्वोच्च न्यायालयानेच दिले आहे. आंध्र प्रदेश सरकारने मार्च आणि एप्रिल २०२० चे पगार आणि पेन्शन काही अंशी पुढे ढकलले होते. ८ फेब्रुवारी २०२१ रोजी न्यायालयाने सांगितले की, केलेल्या कामाचा पगार हा कर्मचाऱ्याचा हक्क आहे, तो पुढे ढकलला असेल तर ६ टक्के व्याजासह द्या. सरकारची अडचण खरी असली तरी व्याज द्यावे लागेल. म्हणजे कामगार हा सावकार आहे आणि त्याच्या थकलेल्या पैशाला व्याज असते, हे आता देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने लिहून दिलेले आहे. महागाई भत्ता हा पगार घसरू नये म्हणून दिलेला पगाराचाच भाग आहे. मग तोच न्याय १८ महिन्यांच्या भत्त्याला का लावायचा नाही?

आपले काम

तेव्हा बंधूंनो, नुसते वाचून पान उलटू नका. भुसावळ, नागपूर, सोलापूरपासून इटारसी, बडोदा, सिकंदराबाद, हुबळीपर्यंत जिथे जिथे हे पान वाचले जाते, तिथल्या शाखेने पुढची कामे हाती घ्यावीत.

एक, १८ महिन्यांची महागाई भत्त्याची थकबाकी व्याजासह मिळावी, असा ठराव प्रत्येक शाखेच्या सर्वसाधारण सभेत करावा आणि त्यात वरचा १३२ टक्क्यांचा हिशेब लिहावा. आठवा वेतन आयोग नेमला गेला आहे. त्याच्यापुढे जाणाऱ्या निवेदनात हा मुद्दा वेगळ्या परिच्छेदात असला पाहिजे.

दोन, थकलेल्या मजुरीसाठी दिवाळखोरी संहितेतली १ कोटीची मर्यादा रद्द करावी, कामगारांच्या अर्जाला वेगळी आणि कमी मर्यादा असावी, ही मागणी महासंघाने संसदेत आणि श्रमपरिषदेत लावून धरावी.

तीन, पुढे कधीही आपत्तीच्या नावाखाली उद्योगाला सरकारी हमी, मुदत किंवा माफी दिली, तर थकलेली मजुरी आधी देण्याची आणि कामगार कपात न करण्याची अट कायद्यातच असावी. आपत्ती कायद्यात मजुरी हा शब्द यावा.

चार, ज्यांनी २०२० मध्ये घरकर्जाचे हप्ते थांबवले होते त्यांनी बँकेकडून त्या सहा महिन्यांचा खातेउतारा मागावा. व्याजावर लावलेले व्याज परत किंवा वळते झाले आहे का, ते पाहावे. शाखा कार्यालयात हिशेब जाणणारा एक तरी माणूस असतो, त्याला आठवड्यातून एक संध्याकाळ या कामाला बसवा.

पाच, आपल्या आवारातल्या कंत्राटी कामगारांची मजुरी कंत्राटदाराने बुडवली तर ती मूळ मालकाने द्यायची, हे तत्त्व १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात होते आणि नव्या संहितेतही आहे. त्यांच्याकडे हजेरीचा कागद नसतो. तो ठेवायला शिकवणे आपले काम आहे. ते आपल्या संघटनेचे सभासद नाहीत म्हणून त्यांची मजुरी बुडणे आपल्याला परवडणारे नाही. आज त्यांची उधारी बुडाली, उद्या आपली बुडेल.

साथ पुन्हा येईल, पूर येईल, आणखी काही संकट येईल. तेव्हा पुन्हा परिपत्रके निघतील. त्या वेळी पहिल्या दिवशी विचारायचा प्रश्न आजच पाठ करून ठेवा. या कागदाने कोणाला मुदत दिली आणि कोणाची मुदत संपवली? उत्तर मिळेपर्यंत सही करायची नाही, गप्प बसायचे नाही.

कामगार एकजुटीचा विजय असो!